डाव्या पायाचं गाऱ्हाणं

स्वतः एक घोटही न घेता अख्ख्या कांदिवलीत सर्वांत जास्त कोल्ड्रिंक खपवणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या साडूंकडे बोट दाखवीन. कंपनीने त्यांना एखादी शाल द्यायला हरकत नव्हती. साडूंना साखरेचा त्रास. चहासुद्धा बिनसाखरेचा पितात आणि पिताना असा चेहरा करतात, की बघणाऱ्यानेच त्यांना साखर द्यावी. पण त्यांच्या घरी पाऊल टाकलंत की पाणी मिळायच्या आधी हातात कोल्ड्रिंकची बाटली येणार, आणि बाटली तोंडाला लागायच्या आधी साडू हात पुढे करून म्हणणार, ‘‘झाकण इकडे द्या!’’

कारण असं, की त्या वर्षी त्या कोल्ड्रिंकवाल्यांनी एक स्कीम काढली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला रोबोटच्या एखाद्या अवयवाचं चित्र असायचं. झाकण दुकानदाराला दाखवलं की तो एक चिमुकली प्लॅस्टिकची बाटली द्यायचा. ती इकडून ओढली, तिकडून मुरगळली की तिचा हात व्हायचा, नाहीतर पाय, नाहीतर डोकं. सगळे अवयव एकमेकांत अडकवले की हातभर उंचीचा रोबोट उभा राहणार. ही स्कीम लहान मुलांसाठी आहे हे साडूंना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. ‘‘मग मी कुठे म्हातारा झालोय?’’ असं म्हणून पेन्शनीत गेलेल्या या गृहस्थाने तो विषय संपवला होता.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला मीही ताईच म्हणतो. ताईने या माणसाचे अनेक छंद पचवले आहेत, पण त्या उन्हाळ्यात तीही टेकीला आली. फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नाही. वॉचमन, इस्त्रीवाला, गॅसवाला, सोसायटीच्या वर्गणीला आलेली पोरं, सगळ्यांना बाटली. एकदा तर साडूंनी साखर तपासायला रक्त न्यायला आलेल्या माणसालाच कोल्ड्रिंक पाजलं. तो बिचारा संकोचाने म्हणाला, ‘‘काका, मलापण शुगर आहे हो.’’ साडू म्हणाले, ‘‘मग पिऊ नको, नुसती उघड.’’

इतका सगळा खटाटोप करून डोकं, धड, दोन्ही हात आणि उजवा पाय मिळाला. उजव्या पायांचा तर सुकाळ झाला. येईल ते झाकण उजवा पायच काढी. डावा पाय मात्र काही केल्या सापडेना. शोकेसमध्ये रोबोट एका पायावर भिंतीला टेकून उभा, आणि साडू त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. ‘‘एक उजवाच लावून टाका की डावीकडे,’’ मी एकदा सुचवलं. साडू माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘कोकणातला ना रे तू? उलट्या पायाचं काय असतं, माहीत आहे ना? भूत! घरात भूत उभं करू?’’ ताई आतून म्हणाली, ‘‘एक आहे तेवढं पुरे.’’

त्यांची थट्टा आम्ही सगळेच करायचो. पण एका दुपारी मी सहज विचारलं, की हे वेड आलं कुठून. साडू त्या एका पायाच्या रोबोटची धूळ पुसत म्हणाले, ‘‘अरे, बाबा गिरणीत. वर्षाकाठी एखादा बडा पाहुणा यायचा, तेव्हा खालून कोल्ड्रिंक आणायचे. बाटली पाहुण्याला, बूच आम्हा पोरांना. तेव्हापण बुचात चित्रं यायची. सेट पुरा झाला की बक्षीस. आमच्या अख्ख्या चाळीत कुणाचा सेट पुरा झाला नाही. पाहुणेच कमी पडायचे.’’ एवढं बोलून ते हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मुलुंडला आमच्या घरीही तेच कोल्ड्रिंक येऊ लागलं, आणि जावेच्या डोहाळजेवणात माझी बायको पाहुण्यांची झाकणं गोळा करताना मी स्वतः पाहिली.

तेवढ्यात स्कीम संपत आल्याची बातमी आली आणि पाठोपाठ साडूंच्या घरी गणपती आले. साडूंचा एरवीचा कारभार मुंबईच्या मराठीत चालतो, पण देवाशी ते फक्त मालवणीत बोलतात. देवाला दुसरी भाषा कळत असेल यावर त्यांचा विश्वास नाही. पूजा झाली, सगळे हात जोडून उभे राहिले आणि साडूंनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. ‘‘बा देवा महाराजा! आज ह्या तुज्या लेकरांनी तुजी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे रे महाराजा!’’ आम्ही ओरडलो, ‘‘व्हय महाराजा!’’ ‘‘पोराबाळांक सुखी ठेव, नोकरीधंद्यात बरकत दी रे महाराजा!’’ ‘‘व्हय महाराजा!’’ ‘‘आणि त्या रोबोटाचो डावो पाय खंय अडकान ऱ्हवलो आसात, तर तो मोकळो कर रे महाराजा! गावलो काय पयलो तुज्या पायार घालतलंय रे महाराजा!’’ आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मग ताईनेच डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हटलं, ‘‘व्हय महाराजा!’’ त्यामागून आम्ही सगळे.

देवाने फार वाट पाहायला लावली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भजनी मंडळ आलं. पखवाज वाजवणाऱ्याने दोन अभंगांच्या मध्ये बाटली उघडली आणि झाकण डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, ‘‘ओ, हा कुठला पाय म्हणायचा?’’ साडू तसेच कद नेसून, उघड्या अंगाने दुकानाकडे पळाले. दुकानदाराकडचा शेवटचा डावा पाय घेऊन ते धापा टाकत परतले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भजनीबुवांनी गजर केला. आम्हाला वाटलं, आता रोबोट दोन पायांवर उभा राहणार. पण नवस तो नवस. पाय त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नाही. सरळ गणपतीच्या पायाशी ठेवला.

खरी पंचाईत विसर्जनाच्या दिवशी झाली. ताईचं म्हणणं, वाहिलेली वस्तू परत घ्यायची नसते. ‘‘नारळाची अर्धी वाटी आपण घेतोच की परत,’’ मी म्हटलं. ‘‘नारळ फोडून घेतात,’’ साडू पडलेल्या आवाजात म्हणाले. ‘‘पाय फोडू?’’ शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने तो पाय देवाच्या शिदोरीत, दहीपोह्यांच्या पुरचुंडीशेजारी बांधला. वाटभर ‘मोरया’ म्हणताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

हल्ली आमचे गणपती पालिकेच्या कृत्रिम तलावात जातात. तिथे काठावर स्वयंसेवक निर्माल्य वेगळं करतात. एका मुलीने शिदोरी सोडली, पोहे एकीकडे ठेवले आणि पाय उचलून धरला. ‘‘ओ काका, प्लॅस्टिक नाय सोडायचं पाण्यात!’’

‘‘अगं, देवाला वाहिलंय ते,’’ साडू म्हणाले.

‘‘वाहिलेलं असू दे ना. मूर्ती मातीची, ती विरघळेल. हे कसं विरघळणार? घ्या परत, मागे लाईन लागलीय.’’

साडूंनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, ‘‘घ्या. देवानेच दिलाय परत.’’ साडूंनी दोन्ही हातांची ओंजळ केली, तो पाय प्रसादासारखा घेतला, कपाळाला लावला आणि असे काही ओरडले, ‘‘गणपतीबाप्पा मोरया!’’ की ती मुलगीही दचकली. घरी येऊन त्यांनी पाय बसवला. रोबोट उभा राहिला. थोडासा डावीकडे कलतो, पण आपल्या पायांवर उभा आहे.

यंदा त्यांच्या घरी गणपतीला सगळे जमलो ते जरा जड मनानेच. त्यांची बिल्डिंग आता पाडायची आहे. पुढचे गणपती कुठल्या भाड्याच्या घरात येतील, तिथे इतकी माणसं मावतील की नाही, कुणालाच माहीत नाही. आम्हीही मुलुंड सोडून मुलाकडे बंगळूरला चाललो आहोत. साडू गाऱ्हाण्याला उभे राहिले. लेकरांची सेवा झाली, पोरंबाळं झाली, नोकरीधंदा झाला, आणि ते थांबले. शोकेसमधला रोबोट पुरा होता. मागायला काही उरलं नव्हतं. आम्ही हात जोडून वाट पाहत राहिलो.

मग साडू हळूच म्हणाले, ‘‘देवा महाराजा, आज हय जितकी माणसा उबी आसत, तितकी सगळी फुडल्या वर्साक परत एका जाग्यार उबी कर. ह्यातला एक पण कमी करू नको रे महाराजा.’’

‘‘व्हय महाराजा’’ आलं, पण नेहमीसारखं एका सुरात नाही. ताईने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांना कोल्ड्रिंकच्या बाटल्या दिल्या. स्कीम केव्हाच संपली आहे. तरी प्रत्येकाने प्यायच्या आधी झाकणाच्या आत पाहिलं.