कारण मला विचारावे

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला आईकडे होते. अक्का, म्हणजे नानांची बायको, एवढंच म्हणाल्या, "नाना गेले गं सकाळी." मी म्हटलं, "हो." नुसतं हो! आणि मनात पहिला विचार काय यावा? सर्व्हरवरच्या त्या अपडेट थांबवलेल्या पॅकेजचं आता कोणाला विचारायचं... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज काही जात नाही. नानांवरचा रागही जात नाही, खोटं कशाला बोलू?

जळगावच्या आमच्या हॉस्पिटलचा सर्व्हर नाना सांभाळायचे. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म गेला, निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून इकडे आले. मी त्यांच्या हाताखाली. पेशंटची नावं, तपासण्या, रिपोर्ट, सगळं त्या एका यंत्रावर. त्यावरची सॉफ्टवेअरं अपडेट करायची म्हणजे नानांचं सोवळंच असायचं. यंत्रं दोन. रोजचं काम करणारी ती थोरली, आणि कोपऱ्यातली जुनी, अगदी तिच्यासारखीच मांडलेली ती धाकटी. कुठलंही अपडेट आधी धाकटीवर. आठ दिवस वाट बघायची, मग बॅकअप घेऊन रविवारी दुपारी थोरलीवर, तेही एकेक पॅकेज, म्हणजे एकेक सॉफ्टवेअर. काय बदललं, का बदललं, आधीची आवृत्ती कोणती, सगळं हिरव्या रजिस्टरात पेनानं. दर महिन्याला त्यावर व्यवस्थापकांची सही. माझा नुसता जीव वर यायचा. "नाना, जग कुठे चाललंय!" तर म्हणायचे, "जाऊ दे ना जगाला. भरीत पंगतीत वाढायच्या आधी आचारी चाखतो का नाही?"

गेल्या वर्षी ते भाच्याच्या लग्नाला पाचोऱ्याला गेले. मला नोकरी लागून जेमतेम सहा महिने झालेले, आणि मोकळं रान मिळालं. धाकटी गेली उडत! थोरलीवरच होतं नव्हतं ते एका दमात अपडेट करायला घेतलं. यंत्र मध्येमध्ये विचारत होतं, जुनी सेटिंग ठेवू की नवी घेऊ? वाचतंय कोण. नवी, नवी, नवी. तासाभरात वॉर्डातली सिस्टर धावत आली. रिपोर्टवर मराठी नावांच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. दोन बायकांचे रिपोर्ट अदलाबदल होता होता राहिले, त्यातल्या एकीला रक्त चढवायचं होतं. मी नानांना फोन लावला.

नाना फेटा पिशवीत कोंबून मिळेल त्या बसने आले. ओरडले नाहीत. विचारलं, "काय काय बदललं?" मला सांगता येईना... फार मनाला लागलं की ते अहिराणीत बोलायचे. "तुले माहीत नही, तेच भेव शे, पोरी." तुलाच माहीत नाही, भीती त्याचीच. मग मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चालू होतं. त्यांनी काय केलं ते मी विचारलंच नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. पार खंगले होते. मला बघून उठून बसायला लागले. "ते थांबवलेलं पॅकेज... त्याचं कारण तुला..." मी म्हटलं, "नाना, मशीनचं राहू द्या हो आता. आराम करा." मोठी शहाणी मी! ते अक्कांना म्हणाले, हिला चहा टाक.

ते गेल्यावर पंधरा दिवसांत कळलं, त्याच थांबवलेल्या, डेटाबेसच्या पॅकेजात सुरक्षेचं मोठं भोक आहे, अपडेट केल्यावाचून गत्यंतर नाही. रजिस्टरात त्याच्यासमोर नानांचं अक्षर: "थांबवले आहे. हात लावू नये. कारण मला विचारावे." अहो नाना, साधा पंखा बदलला तरी कारण लिहायचात, इथेच शाई संपली होती का? जेवण गोड लागेना. घरात कोणी काही विचारलं की मी खेकसायचे.

शेवटी नानांच्याच वाटेनं गेले. धाकटीचा बॅकअप घेतला, थांबवलेलं पॅकेज मोकळं केलं, अपडेट सुरू केलं. यंत्रानं विचारलं, जुनी सेटिंग ठेवू की नवी घेऊ? हाताची खोड, दाबलं नवी. मग एक रिपोर्ट छापून पाहिला.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हं.

रजिस्टरातली तारीख पाहिली. पाचोऱ्याच्या लग्नाचा दिवस. म्हणजे माझा गोंधळ निस्तरून नानांनी जुनी आवृत्ती परत आणली आणि हे पॅकेज तेव्हाच थांबवलं. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. कारण लिहायचं तर माझं नाव लिहावं लागलं असतं, आणि ते पान सहीला वर गेलं असतं. नोकरीला सहा महिने झालेल्या पोरीला कोण ठेवतं कामावर? म्हणून लिहिलं, मला विचारावे. कोणी विचारलंच तर ते नानांना विचारणार होते, मला नाही.

धाकटी पूर्ववत केली, पुन्हा अपडेट केलं, या वेळी जुनी सेटिंग ठेवली. नावं उमटली. आठ दिवस कळ काढली, कशी ते माझं मला ठाऊक. रविवारी दुपारी थोरलीही झाली.

हिरवं रजिस्टर आता माझ्या टेबलावर असतं. नानांची ओळ खोडली नाही. तिच्याखाली त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहिलं, माझ्या नावानिशी, आणि सहीला पाठवलं. शेवटी एक वाक्य जोडलं: यापुढे मला विचारावे.