पाटी कोणत्या यंत्राची?

एकतीस वर्षं तिने लिफ्ट तपासल्या. बसवली एकही नाही, आणि हा फरक कुणी विसरलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. छतावरच्या खोलीत शिडीने चढायचं, लोखंडी दोरावरून चिंधी फिरवायची, तुटक्या तारेत ती अडकली की थांबून तारा मोजायच्या, हे तिचं काम.

"आमच्या इंजिनिअरने कालच पाहिलंय हो, बाई," कंपनीचा माणूस म्हणायचा.

"आईनेच पेपर तपासला तर पोरगं नापास कसं होणार?" असं म्हणत ती बाह्या सरसावायची.

दोराच्याही आधी ती एक गोष्ट बघायची. प्रमाणपत्रावरचा नंबर आणि यंत्राच्या पाटीवरचा नंबर एकच आहे ना? एका इमारतीत नव्या लिफ्टचं प्रमाणपत्र तिला जुन्या लिफ्टमध्ये सापडलं होतं, चांगलं फ्रेम करून लावलेलं. लबाडी नव्हती. रिकामी भिंत दिसली, लावलं!

निवृत्त झाल्यावर सोसायटीने तिच्या गळ्यात खजिनदारपद बांधलं. नऊ मजले, एकच लिफ्ट, तीही चौतीस वर्षांची. नव्या लिफ्टसाठी बावीस बिऱ्हाडांनी अकरा वर्षं पोटाला चिमटा काढून निधी जमवला होता. आठव्या मजल्यावरची शिक्षिका चाकांच्या खुर्चीवर असते. निधी बुडाला तर ती घरात कोंडली जाणार, इतका सरळ हिशोब होता.

निधी वर्षभरासाठी कुठे ठेवायचा हे ठरवायला बैठक बसली, तर अध्यक्षांनी बोलावलेला पाहुणा म्हणून तिचा सख्खा भाचाच हजर. धाकट्या बहिणीचा मुलगा, एका बँकेसाठी ठेवी गोळा करणारा. हातात गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर सोनेरी अक्षरांत पतमानांकन, अगदी वरच्या श्रेणीच्या फक्त एक पायरी खाली. व्याज इतरांपेक्षा दीड टक्का जास्त.

"घरचाच माणूस, मग प्रश्नच मिटला!" अध्यक्ष खूश झाले. ते दातांचे डॉक्टर, कुणाचं तोंड वाकडं झालेलं त्यांना बघवत नसे.

तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तळाची बारीक ओळ वाचली.

"हे रेटिंग कुणाचं रे?"

"बँकेचं, मावशी. दुसरं कुणाचं असणार?"

"इथे लिहिलंय, तारण कर्जरोखे, मालिका दोन. म्हणजे बँकेने रोखे विकून पैसे उभे केले, त्यासाठी मालमत्ता वेगळी बांधून दिली. रेटिंग त्या रोख्यांचं. आमच्या ठेवीसाठी काय बांधून देतोयस?"

भाचा हसला. "आता बँकेवरूनही चिंधी फिरवणार का तू?"

"फिरवणार. आठ दिवस द्या मला."

तिने पदरचे पैसे घालून एका स्वतंत्र संस्थेचा अहवाल मागवला. ही मंडळी बँकांकडून छदाम घेत नाहीत, वाचणाऱ्याकडून घेतात, त्यामुळे किंमत ऐकून कुणालाही घाम फुटावा. अख्ख्या बँकेला त्यांनी दिलेली श्रेणी सोनेरी अक्षरांच्या पाच पायऱ्या खाली होती. निम्मी कर्जं दोन बिल्डरांकडे. मोठ्या ठेवी मोजक्या लोकांच्या, ते एकदम उठले तर तिजोरीत खडखडाट. तोटा सोसायला बँकेचं स्वतःचं भांडवल जेमतेम. दीड टक्का जास्त का देतात, ते तिसऱ्याच पानावर उमगलं.

पुढच्या बैठकीत तिने हे सगळं वाचून दाखवलं.

"म्हणजे बँक बुडणार, असं म्हणायचंय तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. दहा वर्षं चालेलसुद्धा. दोराच्या चार तारा तुटल्या म्हणून लिफ्ट त्याच दुपारी पडत नाही. पण मी त्यात तुम्हाला बसवणार नाही. बँक बुडालीच तर ठेवींच्या विम्यातून जेवढी रक्कम भरून मिळते, त्याच्या सहापट आपला निधी आहे."

भाचा लालबुंद झाला. "आणि हे अहवालवाले कधी चुकतच नाहीत वाटतं?"

"चुकतात की. मीही दोनदा चुकलेय. पण त्यांचं पोट तुझ्या बँकेच्या मर्जीवर चालत नाही. तुझं चालतं, बाळा."

मतं पडली. एकोणीस तिच्या बाजूने, दोन विरुद्ध, एक गृहस्थ झोपले होते. निधी गेला कमी व्याजाच्या, कंटाळवाण्या, पण स्वतंत्र तपासणीत वरचढ ठरलेल्या बँकेत.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, भाच्याच्याच पोटावर पाय दिलास! टार्गेट हुकलं त्याचं. वर चारचौघांत त्याला बाळा म्हणालीस!"

"बाळा म्हणाले ते चुकलं. बाकी काही नाही चुकलं."

बहिणीने तोंडाचा पट्टा सोडला. लहानपणी ताईने सायकल दिली नव्हती, तेही निघालं. मग पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"ताई, ह्यांच्या फंडाचे सगळे पैसे त्याच्याच बँकेत आहेत गं. तोच म्हणाला, ठेव म्हणून."

"किती?"

बहिणीने आकडा सांगितला.

"विम्यात बसतील तेवढे राहू दे तिथे, पोराचा मान राहील. बाकीचे हलवायचे. उद्या सकाळी पावत्या घेऊन ये. आणि त्यालाही आण. अहवाल त्यालाच वाचू दे, मोठ्याने."

"रागावलाय गं तो. येईल?"

"न येऊन करतो काय? त्याचा पगारही तिथेच जमा होतो."