ओट्यावरचे पान

साजूक तूप कढल्याचा वास आला की वाशीमची ती महागडी खानावळ आठवते. कापूस खरेदीला आलेल्या जपानी व्यापाऱ्याला मी, जिनिंग कारखान्याचा कारकून, तिथे नेले होते. आमच्यात बसून जेवावे, एवढीच त्याची इच्छा होती. मालक मला म्हणाला, "बाबूजी, तुमी आत बसा. त्यायले ओट्यावर वाढतो. माही पंगत बाटवता काय?" मी आत बसलो. जेवणानंतर आमची पाने गड्याने उचलली. जपान्याला मात्र स्वतःचे पान उचलून जागा शेणाने सारवायला लावली. ही इथली रीतच असावी असे समजून त्याने मन लावून सारवले. हात धुताना मोडक्या हिंदीत विचारले, "आप भी किया?" मी म्हणालो, "जी, किया." तो समाधानाने हसला. खरे सांगितले असते तर त्याला कुणी आत घेतले असते, असे मला या वयातही वाटत नाही.