वन्संच्या नकाशावरच्या गाड्या

पुण्यात बसची वाट पाहणं ही तपश्चर्या मानली, तर माझ्या थोरल्या नणंदबाईंना केव्हाच मोक्ष मिळायला हवा होता. वन्सं वाघोलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत. दारात मोटार असून सगळी नोकरी त्यांनी बसने केली. "स्टिअरिंग हातात आलं की माणूस बाहेर बघायचं सोडतो," असं त्या म्हणत. पाहुणा आला की पाण्याच्या आधी प्रश्न यायचा, "कुठल्या बसने आलात?" रिक्षाने आलेल्याला चहा मिळायचा, पण साखर बेताची. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत कार्यालयाच्या पत्त्याखाली जवळचा बसथांबा त्यांनीच छापायला लावला. वर 'मुहूर्त गाठायचा असल्यास आधीच्या गाडीने निघावे' ही तळटीपसुद्धा.

शहरात तेव्हा आयटीचं वारं सुटलं होतं. निवृत्ती जवळ आल्यावर वन्संनी बुधवार पेठेतून संगणक आणला आणि इंटरनेटवर नकाशे कसे चढवायचे ते शिकल्या. त्याच सुमारास बसगाड्यांत ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसली. ती माहिती बसच्या कार्यालयातच पडून राहते हे कळल्यावर त्यांचा पारा चढला. "अगं, गाडी कुठे आहे हे साहेबाला कळतं आणि थांब्यावरच्या बाईला कळत नाही, हा कुठला न्याय?" अर्ज, खेटे, पुन्हा अर्ज. शेवटी कार्यालय कंटाळलं आणि माहिती मिळाली. वन्संनी ती कुणालाही उघडून बघता येईल अशी नकाशावर मांडली. वेळेवर धावणारा मार्ग हिरवा, रखडणारा लाल. पहिल्या दिवशी सगळं पुणं मिरच्या वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात वाघोलीची संध्याकाळची गाडी बंद होणार अशी बातमी आली. वन्संची एक विद्यार्थिनी रडवेली होऊन म्हणाली, "मॅम, घरचे म्हणतात, बस गेली की कॉलेजही बंद." दुसऱ्या दिवशी वन्सं मला घेऊन थेट बसच्या कार्यालयात.

साहेब सभ्य होते. "अहो मॅडम, त्या वेळेला प्रवासीच नसतात."

"गाडी तरी असते का?" वन्संनी त्यांच्याच संगणकावर नकाशा उघडला. "ह्या बघा, तीन गाड्या एकीमागे एक. वरात आहे का ही? आणि त्यांच्यामागे नुसता शुकशुकाट. पोरी कंटाळून जीपमध्ये स्वतःला कोंबून जातात, मग तुमची गाडी रिकामी येते."

साहेब चष्मा पुसून बघू लागले. आजूबाजूचे कारकून मागे गोळा झाले. एक जण हळूच म्हणाला, "बाई, आमच्या धनकवडीचं दाखवा की!"

"हे कुणालाही दिसतं?" साहेबांनी विचारलं.

"कुणालाही. आपल्यालासुद्धा."

साहेब हसले, आणि गाडी वाचली. शिवाय गाड्या अंतर राखून सुटू लागल्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही वाघोलीच्या थांब्यावर उभ्या होतो. गाडी वळणावर दिसताच पोरींनी असा गलका केला की चहावाला धावत बाहेर आला. वन्संनी कंडक्टरच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाबद्दल, मावशी?"

"वेळेवर आलात म्हणून."

"मग रोजच आणा की!" तो म्हणाला, आणि सगळी गाडी हसली.

आता वन्संचे गुडघे बसची पायरी चढू देत नाहीत. नकाशा कॉलेजातल्या मुली सांभाळतात. मी संध्याकाळी गेले की वन्संसमोर पडदा उघडाच असतो, वाघोलीचा मार्ग हिरवागार. परवा मी म्हटलं, "वन्सं, जिंकलात हो तुम्ही!"

"जिंकले खरी," त्या म्हणाल्या. मग सरकणाऱ्या एका ठिपक्यावर बोट ठेवून हळूच पुटपुटल्या, "पण खिडकीशी कोण बसलंय, ते नाही दिसत गं यात."