इराच्या पिशवीची वाकडी टीप

मी आज जो काही आहे तो सुमनबाईंमुळे. हे वाक्य मी आजवर दोन नोकरीच्या मुलाखतींत, एका निरोप समारंभात आणि वॉटफर्डच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बसलेल्या सहा मुलांसमोर म्हटलेलं आहे. मुलाखतीत कोणी काही विचारलं नाही. मुलांपैकी एकाने विचारलं, “इज शी फेमस?”

“सेलूत आहेत,” मी म्हणालो.

त्याच खोलीत, एका शुक्रवारी दुपारी, मी एका नऊ वर्षांच्या मुलीची पिशवी उसवत होतो. तिला न विचारता. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत आमच्या क्लासचं छोटं प्रदर्शन होतं आणि त्या पिशवीच्या खिशाची टीप मला बघवत नव्हती.

टीप म्हणजे मशीनने घातलेल्या टाक्यांची ओळ. इराची टीप खिशाच्या कडेने निघाली होती, मध्येच आत वळली होती आणि कोपऱ्यावर खिसा सोडून बाहेर जाऊन परत आली होती. तिला काहीतरी सामान आणायला जायचं होतं असं वाटावं.

माझी बाजू आधी सांगतो. मी टेक्स्टाइल इंजिनिअर आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अकरा वर्षं एका एक्स्पोर्ट गारमेंट फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. म्हणजे शिवून आलेल्या शर्टातली चूक शोधायची, तिथे लाल बाणाचं छोटं स्टिकर लावायचं आणि शर्ट दुरुस्तीला परत पाठवायचा. पुढे बायकोला, सुनीताला, लंडनच्या एका बँकेत नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी इथे आलो. माझ्या अनुभवाची इथे कोणाला गरज नव्हती. इथे फॅक्टरीच नव्हती. मग तीन घरगुती मशीनं घेतली, इन्शुरन्स काढला, डीबीएस चेक करून घेतला, म्हणजे मुलांबरोबर काम करायला लागतो तो चारित्र्याचा दाखला. आणि शनिवारी सकाळी मुलांना शिवण शिकवायला लागलो.

पहिल्या दिवशी सवयीने मी मुलांच्या चुकांवर लाल बाण चिकटवले. मुलं खूश झाली. इराने मोजून सांगितलं, “काका, मला फाइव्ह मिळाले, त्याला फक्त टू!” पुढच्या शनिवारी दोघांनी जास्त बाण मिळावेत म्हणून मन लावून काम केलं. मी बाण बंद केले. सवय मात्र गेली नाही, ती हातात होती.

त्या खोलीत भिंतीवर एक निळी पिशवी लटकते. ती मी सातवीत शिवली. माझी आई सुमनबाईंकडे काज-बटणाचं आणि हेमिंगचं काम करायची. बाईंचा शिवणक्लास होता. शाळा सुटली की मी त्यांच्या कटिंगच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचो. शाळेत कार्यानुभवाच्या प्रदर्शनासाठी काहीतरी करून न्यायचं होतं. बाईंनी रिक्षाच्या सीटचं उरलेलं निळं रेक्झिन दिलं, मशीन दिलं आणि आठवडाभर त्यावर मला बसू दिलं. पिशवीला तालुक्यात पहिला नंबर आला. बाई आईला म्हणाल्या, “याच्या हातात आहे हो. याला कापडातलंच शिकवा.” बारावीनंतर इंजिनिअरिंगचा फॉर्म बाईंनीच परभणीहून आणला. कापडाचं इंजिनिअरिंग असतं हे आमच्या गल्लीत फक्त त्यांना माहीत होतं.

ती पिशवी आईने कधी बाजाराला नेली नाही. माझ्या मार्कशीट आणि डिग्री तिच्यातच राहिल्या आणि तिच्यातूनच इथे आल्या. मी मुलांना ती दाखवतो. दाखवायचो. “बघा, बाराव्या वर्षी शिवलीय. टीप बघा. पट्टीने ओढल्यासारखी.”

इराची पिशवी तिच्या आबांसाठी होती. आबा म्हणजे तिच्या आईचे, प्राजक्ताचे, वडील. सहा महिने इथे राहून मंगळवारी नाशिकला परत जाणार होते. त्यांचं दाढीचं सामान सुपरमार्केटच्या पातळ पिशवीत असायचं आणि ते इराला आवडत नव्हतं. म्हणून तिने छत्रीच्या कापडासारखं वॉटरप्रूफ कापड निवडलं, पिवळं. मी सांगितलं की हे अवघड कापड आहे. सुती कापडातून टाके काढले तर धुतल्यावर सुईची भोकं मिटतात. या कापडावर सुई एकदा गेली की भोक कायमचं. टाचणीसुद्धा लावायची नाही, चिमटे लावायचे. चुकलं की दिसतं.

“मग मी चुकणार नाही,” ती म्हणाली होती. पाच शनिवार तिने तो खिसा लावला.

तर त्या शुक्रवारी मी तिची सगळी टीप काढली आणि थोडी आतून नवी घातली. सुनीता घरूनच काम करत होती. चहा घ्यायला आली आणि थांबली.

“अहो, ही इराची ना?”

“फिनिशिंग करतोय.”

“तिला सांगितलंय?”

“लोक बघायला येणार आहेत. क्लासचं नाव आहे.”

“क्लासचं,” ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

शनिवारी लायब्ररीत टेबलावर सहा पिशव्या मांडल्या. आबा स्वेटरवर जॅकेट, जॅकेटवर मफलर अशा तयारीने आले. मी पिवळी पिशवी त्यांच्या हातात दिली.

“अरे वा! इरा, तू शिवलीस ही? दुकानातली वाटतेय गं.”

इराने पिशवी घेतली. खिसा बघितला. बोट टिपेवरून फिरवलं.

“मी नाही शिवली.”

“असं काय करतेस? तुझीच आहे,” मी म्हणालो. “मी फक्त जरा फिनिशिंग केलं.”

“काका, माझी लाइन कुठेय?”

तिची लाइन आमच्या घरी कचऱ्याच्या डब्यात होती, पिवळ्या दोऱ्याच्या तुकड्यांत.

“आबा, हे तुम्हाला नको,” ती म्हणाली. “हे काकांनी केलंय. काका तुमचे कोण पण नाहीत.”

आबांनी मफलर नीट केला. प्राजक्ता म्हणाली, “सॉरी हं विलासदादा, ती जरा हट्टी आहे.” पण जाताना पिशवी टेबलावरच राहिली. बाहेर इरा आईला इंग्रजीत सांगत होती की तिला पुढच्या शनिवारी यायचं नाही. दार उघडं होतं. सगळं ऐकू आलं.

मुलगी क्लास सोडेल याचं मला वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की मंगळवारी तिचे आबा विमानात बसणार होते आणि तिने पाच शनिवार बसून केलेली वस्तू त्यांच्या बॅगेत नसणार होती. तीही मी, क्वालिटीच्या माणसाने, खराब केली म्हणून.

मी इंजिनिअर. मला उपाय सुचला. पिवळं कापड उरलं होतं. रविवारी मी तशीच दुसरी पिशवी शिवली आणि तिच्या खिशाला मुद्दाम वाकडी टीप घातली.

वाकडं शिवणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. तुकड्यावरचा पहिला प्रयत्न सरळच आला. हात ऐकेना. दुसऱ्या वेळी मी डोळे बारीक केले, तरी सरळ. मग कागदावर आखून घेतलं: इथे आत, इथे बाहेर, कोपऱ्यावर खिशाबाहेर. तिसऱ्या वेळी पिशवीवरच घातली आणि जमलं. सुनीताने पिशवी उलटसुलट बघितली.

“छान आहे. काठाला लाटांची नक्षी काढलीत?”

सोमवारी शाळा सुटल्यावर मी प्राजक्ताकडे गेलो. दोन्ही पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. आधी दुसरी पुढे केली. म्हटलं, “इरा, ही बघ. तुझी लाइन.”

तिने फार वेळ घेतला नाही.

“ही पण तुमची आहे.”

“कशावरून?”

“तुम्ही वाकडं काढलंय.”

“तुझी वाकडीच होती ना बाळा?”

“नाही!” ती पहिल्यांदाच ओरडली. “मी वाकडं नव्हते शिवत. मी सरळच शिवत होते!”

आबा सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचं थांबले.

अकरा वर्षांत माझ्या हाताखालून किती शर्ट गेले असतील. त्या प्रत्येकावर कोणीतरी सरळच शिवत होतं, हे मला सोमवारी साडेचार वाजता वॉटफर्डमध्ये कळलं.

मी म्हणालो, “इरा, मी चुकलो. तुला विचारायला हवं होतं. मी तुझी टीप काढून टाकली आणि ती मला परत आणता येत नाही.” नऊ वर्षांच्या मुलीची माफी मागायची माझी पहिलीच वेळ.

तिने माझ्याकडची पहिली, मी फिनिशिंग केलेली पिशवी ओढून घेतली. बहुतेक फेकायला. पण खिडकीपाशी गेल्यावर हात थांबला. कापडातून उजेड येत होता आणि माझ्या सरळ टिपेच्या बाजूला बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसत होती. कडेने निघालेली, आत वळलेली, कोपऱ्यावर बाहेर जाऊन परत आलेली.

“काका,” ती म्हणाली. “माझी लाइन आहे इथे.”

भोकं मिटत नाहीत, हे मीच तिला शिकवलं होतं.

प्राजक्ताला विचारून आम्ही सगळे आमच्या घरी आलो. आबासुद्धा. टाके उसवायच्या छोट्या हत्याराला इथे अनपिकर म्हणतात. तो मी इराच्या हातात दिला. तिने माझी टीप काढली. मला वाटलं त्यापेक्षा जास्त आवडीने काढली. मग मशीनवर बसली. पायाने मशीन चालवलं असतं तर सुई भोक चुकली असती, म्हणून ती बाजूचं चाक हाताने फिरवत होती. एक टाका, थांबायचं, वाकून बघायचं, पुढचं भोक, पुन्हा चाक. एकदा सुई चुकतेय असं दिसलं आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

“काका.”

मी हात मागे घेतला आणि त्यावर बसलो. खरोखर बसलो, मांडीखाली घालून.

सहा वाजून गेल्यावर टीप पुरी झाली. पिशवीवर आता दोन ओळी होत्या: दोरा असलेली तिची आणि रिकाम्या भोकांची माझी. मी प्रामाणिकपणे सांगितलं की ही पिशवी आता वॉटरप्रूफ राहिली नाही.

“बरं झालं,” आबा म्हणाले. “दाढीच्या ब्रशला वारा लागलेला चांगला.” त्यांनी खिशावरून अंगठा फिरवला, कोपऱ्यावर थांबले. “हे काय गं, इथून कुठे गेली होतीस?”

“माहीत नाही,” इरा म्हणाली. “पण मी परत आले.”

निघताना ती भिंतीपाशी रेंगाळली. तिला आता भोकं बघायचा नाद लागला होता. तिने माझी निळी पिशवी खिळ्यावरून काढली, आतले कागद टेबलावर ठेवले, पिशवी उघडून दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, “काका, तुमची कोणी फिनिशिंग केली?”

तेव्हापासून क्लासमध्ये एक नियम आहे. अनपिकर मुलांकडे असतो. मला हवा असेल तर मागावा लागतो आणि कशाला हवाय ते सांगावं लागतं.

सुमनबाई व्हॉट्सअॅपवर आहेत. रोज सकाळी फुलाचा फोटो पाठवतात. पण हे तिथे लिहिण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी कागद घेतला.

आदरणीय सुमनबाईंना,

विलासचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? आई सांगते, तुम्ही अजून मशीनवर बसता.

बाई, रेक्झिनची निळी पिशवी तुम्हाला आठवत असेल. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, “ठेवून जा, दोरे कापून फिनिशिंग करते.” मी ठेवून गेलो. काल ती पहिल्यांदा उजेडात धरली. धरली म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीने धरली. अकरा वर्षं मी लोकांच्या शर्टातल्या चुका शोधल्या, पण या पिशवीकडे तसं बघावं असं कधी मनात आलं नाही.

टिपेच्या बाजूला भोकांची दुसरी ओळ आहे. ती इतकी वाकडी आहे की माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाची असणं शक्य नाही.

मला राग आला नाही. त्या नंबरावर तुम्ही मला कॉलेजात पाठवलंत. माझी टीप तशीच गेली असती तर नंबर आला नसता, आणि नंबर आला नसता तर मी आज कुठे असतो, मला माहीत नाही. तुम्हाला तेव्हा माहीत असावं. म्हणून तुमचे उपकार आहेत ते आहेतच. पण मी तेच एका मुलीच्या पिशवीचं केलं आणि तिने मला पकडलं. मी तुम्हाला पकडलं नाही, कारण मी बघितलंच नाही.

पिशवीतले कागद मी फाइलमध्ये काढून ठेवले आहेत. मेमध्ये सेलूला येतोय, पिशवी घेऊन. तुमच्या मशीनवर बसून, चाक हाताने फिरवून, मला माझी टीप परत घालायची आहे. भोकं सगळी शाबूत आहेत. वेळ लागेल.

तुम्ही शेजारी बसा. मध्ये हात घालू नका.

तुमचा,
विलास