पुसलेली फरशी

मला न उलगडलेल्या खुनांचं वेड होतं. हे लिहितानाही स्वतःचा राग येतो, पण होतं. नागपूरहून बेंगळुरूला आल्यापासून मारतहळ्ळी ते हेब्बाळ कॅबमध्ये रोज मी तसलेच पॉडकास्ट ऐकायचे. गुन्हेशास्त्राचा ऑनलाइन कोर्सही केला. ऑफिसात आमची टोळीच होती. शुक्रवारी जेवताना एक प्रकरण ऐकायचं आणि खुनी कोण यावर पैजा लावायच्या, दहीभात खात.

त्या शुक्रवारी बेंगळुरूचंच प्रकरण होतं. भाड्याच्या खोलीत भरदुपारी एका बाईचा खून झाला होता, आणि सहा वर्षांत कुणी सापडलं नव्हतं. पॉडकास्टवाला आवाज खाली आणून हिंदीत म्हणाला, पोलीस यायच्या आत सख्ख्या बहिणीने फरशी का पुसली, विचार करा.

मी छातीठोकपणे सांगितलं, बहीणच. निर्दोष माणूस पुरावा पुसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी सकाळी उरलेला भाग मी स्वयंपाकघरात मोठ्याने लावला. स्वयंपाकाला येणाऱ्या निपाणीकडच्या अक्का चपात्या लाटत होत्या.

"ते बंद करा ताई."

"थांबा हो अक्का, स्वल्प, थोडंसंच. आता कुठे रंगात आलंय."

रंगात! थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"ती माझी धाकटी बहीण हाय," अक्का म्हणाल्या. "फरशी मीच पुसली."

लाटणं हातात धरूनच त्यांनी सगळं सांगितलं. घरमालक दारात उभा होता. त्यानेच बादली आणून दिली आणि माणसं जमायच्या आत साफ कर म्हणाला. "त्यानं सांगितलं नसतं तरी पुसलं असतं मी. सगळी गल्ली बघायला येणार. तिला तशी कशी पडू देऊ? तोंड पुसलं, साडी सारखी केली."

पोलिसांनी चार दिवस अक्कांनाच बसवून ठेवलं. बादली का दिलीस, असं त्या मालकाला कुणी विचारलं नाही. आणि हा पॉडकास्टवाला! मेलेल्या बाईच्या नावावर मीठमसाला लावून गाद्यांच्या जाहिराती विकतो, पण बहिणीला एक फोन करायला याला सवड नाही. मी तरी कोण मोठी? अक्का तीन वर्षं माझ्या घरी येत होत्या. त्यांना भावंडं किती, हे मी कधी विचारलं नव्हतं. साक्षीदाराला बोलतं कसं करावं, याचे धडे मात्र पैसे भरून घेतले होते.

"तुम्ही यातलं शिकलाय न्हवं ताई?" त्यांनी विचारलं. "मी पुसलं नसतं, तर तो घावला असता काय?"

उत्तर मला पाठ होतं. ठसे, पावलांच्या खुणा, रक्ताचे डाग, सगळं त्या बादलीत गेलं होतं. बहुधा सापडला असता.

"नसता सापडला," मी म्हणाले.

"पोलीस म्हणाले, तुझ्यामुळं सुटला."

"त्यांना काही कळत नाही."

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग लाटणं खाली ठेवून पदराला हात पुसले.

"मग येऊन ह्येच तिच्या पोरीला सांगा. मीच वाढवली तिला. ह्ये मोबाइलवरचं ऐकल्यापासनं माझ्या हातचं खात न्हाई."

मी गॅस बंद केला आणि तेच खोटं पुन्हा, या वेळी एका मुलीच्या डोळ्यांत बघून सांगायला, त्यांच्याबरोबर निघाले.