कणकेनं लिंपलेला स्मोकर

गेल्या जानेवारीत माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. अब्बांना मटण खाऊ घालायचं! कवळी बसल्यापासून त्यांनी मटण सोडलं होतं. "चावत नाय रे," म्हणायचे आणि मुकाट्यानं डाळभात कालवून घ्यायचे. रत्नागिरीत लग्नाच्या जेवणात मटणातल्या एका नळीच्या हाडासाठी सख्ख्या भावाशी भांडलेला हा माणूस! मला ते बघवत नव्हतं. मस्कतमध्ये अल हैलला आमच्याकडे ते पंधरा दिवसांसाठी आले होते.

उपाय माझ्या मागच्या अंगणात उभा होता. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून मी स्मोकर घेतला होता. आडवा लोखंडी पिंप, एका कडेला जोडलेली आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी. आग पेटीत आणि मटण पिंपात, मटणाला लागतो तो नुसता गरम धूर. सात-आठ तासांत मटण हाडावरून आपोआप सुटतं, असं मी व्हिडिओंत इतक्यांदा पाहिलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

पहिल्या शुक्रवारी पेटवला, तर झाकणाच्या फटींतून धूर भसाभस बाहेर. माझा जीव तुटला. धूर हाच तर सगळा माल! मग मला आमची बिर्याणी आठवली. परातभर कणीक मळली आणि दम लावतात तसं झाकण कडेनं लिंपून काढलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! चिमणीच्या तोंडावरही कणकेचा जाड गोळा थापला.

"बिर्याणीच्या हंडीत आग नसते," बायको म्हणाली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

दुपारी झाकण उघडलं. आगीकडचं मटण करपलेलं, चिमणीकडचं कच्चं आणि सगळ्यावर डांबरासारखा काळा थर. अब्बांनी माझ्या समाधानासाठी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि हळूच टिश्यूत काढून ठेवला. "डाळभात हाय ना?" त्यांनी बायकोला विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण झाल्यावर मात्र ते अंगणात गेले. चिमणीवरचा वाळलेला गोळा त्यांनी काठीनं ठोकला. "ह्याला बूच कोणी मारलान? आग श्वास कुठून घेणार?"

अब्बांनी मस्कतमध्ये बावीस वर्षं एसीचे डक्ट बनवले होते. हवा कुठून शिरते, कुठे अडते, कुठे वळवायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. आणि मी शहाणा रोज मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो! स्वतःचाच राग आला, आणि लगेच अंगात उत्साहही संचारला.

पुढचे सहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. अब्बा वहीच्या पाठकोऱ्या पानावर बाण काढायचे. "ही गरम हवा आल्या आल्या वर पळते. तिला खाली दाब, मग पुढं पाठव." गुरुवारी संध्याकाळी स्मोकर गाडीत घालून आम्ही अल अमेरातच्या एका वर्कशॉपमध्ये पोचलो. तिथल्या वेल्डरनं जस्त चढवलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा काढला, तशी अब्बांनी मान हलवली. "ये नहीं. जस्त तपेगा तो जहर. काला पत्रा दो." आणि मग चक्क त्याच्या हातातून वेल्डिंगचा मास्क मागून घेतला! ठिणग्या उडाल्या आणि मी तिथे टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. आगीच्या तोंडाशी उतरता पत्रा बसला, त्याला चढत्या आकाराची भोकं पडली. चिमणीची नळी आतून मटण ठेवायच्या जाळीपर्यंत खाली आली. "खलास," मास्क वर करत अब्बा म्हणाले. त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि मी त्यांना इतकं खूश कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली आणि आम्ही समरची लाकडं पेटवली. समर म्हणजे इथली बाभूळच. फटींवर कणीक मात्र अब्बांनीच लावायला सांगितली. "ती अक्कल बरोबर होती तुझी. चिमणी उघडी ठेव." धूर आता पातळ, निळसर निघत होता. मी दर पाच मिनिटांनी झाकणाला हात घालायचो आणि अब्बा माझ्या हातावर चापट मारायचे.

जुम्म्याहून परतलो आणि कणीक फोडली. बोकडाची अख्खी मांडी, तांबूस, चकचकीत. मी हाड धरून ओढलं. ते कोरडं, स्वच्छ माझ्या हातात आलं आणि मटण ताटातच राहिलं! मी लहान पोरासारखा ओरडलो.

अब्बांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग ताट जवळ ओढलं. डाळीचं भांडं तसंच झाकलेलं राहिलं. तिसऱ्यांदा वाढून घेताना ते मान खाली घालून म्हणाले, "नळी मला ठेव." माझे डोळे भरून आले. पाणी आणायचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेलो.

ओट्यावर, पाण्याच्या वाटीत, त्यांची कवळी पडली होती.